चेन ताणू नका, मोकळी ठेवा

येत्या रविवारी सकाळी चहा झाला की गाडी डबल स्टँडला लावा, न्यूट्रल करा आणि चेनकडे एकदा नीट बघा. एवढीच विनंती करायला हा लेख लिहितो आहे. आपण टाकी चमकवतो, सीटला नवं कव्हर घालतो, आरशाला लिंबू-मिरची बांधतो. पण इंजिनाची सगळी ताकद जी मागच्या चाकापर्यंत नेते, ती सव्वा-दीड मीटरची लोखंडी माळ कव्हरच्या आत काय भोगते आहे, हे वर्ष-वर्ष कुणी पाहत नाही. मग एक दिवस खळखळ ऐकू येते. आपण गॅरेजात जातो आणि गाडीवरून न उतरताच म्हणतो, "दादा, चेन टाईट करून द्या जरा."

हे वाक्य आपण बंद केलं पाहिजे. माझं खरं सांगणं हेच आहे.

चेन ढिली असली तर वाईट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती कव्हरला घासते, गिअर टाकताना झटका देते, फारच ढिली असली तर दात्यांवरून उतरते. पण ताणलेली चेन त्याहून जास्त नुकसान करते, आणि ते मुकाट्याने करते. आवाज येत नाही, झटका बसत नाही, उलट गाडी दोन दिवस कशी घट्ट आणि छान वाटते. आत मात्र गिअर बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग, त्याचं ऑइल सील आणि मागच्या चाकाची बेअरिंगं हळूहळू मरत असतात.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः अंगणात बसून चेन ओढली होती. कशी? तबल्याची वादी ओढावी तशी. बोटाने दाबली तर जेमतेम हलत होती आणि मला त्याचं समाधान वाटत होतं. त्या आठवड्यात गावाहून येताना मागे पत्नी आणि मध्ये बाजरीचं अर्धं पोतं, असे आम्ही घाट चढलो. प्रत्येक खड्ड्याला गाडी आतून कण्हल्यासारखा आवाज करायची. पुढे महिनाभरात पुढच्या स्प्रॉकेटपाशी ऑइल गळायला लागलं. मेकॅनिकने कव्हर काढून शाफ्ट हाताने हलवून दाखवला, तर तो वर-खाली होत होता. बेअरिंगसाठी इंजिन उतरवून उघडावं लागलं. चेन मी स्वतः ताणली होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

असं का होतं, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुन्हा कधी चुकणार नाही. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं, गॅरेजात ज्याला चिमटा म्हणतात, तो स्विंग आर्म एका बोल्टवर वर-खाली हलतो. पुढचं छोटं स्प्रॉकेट त्या बोल्टच्या थोडं पुढे असतं. म्हणजे चाक आणि चेन एकाच केंद्राभोवती फिरत नाहीत. गाडी रिकामी असताना चिमटा खाली झुकलेला असतो. वजन पडलं की तो वर येतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट व चाकाचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात. त्या क्षणी पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त असतं. रिकाम्या गाडीवर चेनमध्ये जी मोकळीक दिसते ती याच क्षणासाठी राखून ठेवलेली असते. ती आपण काढून घेतली, तर चाकाला वर यायला चेन जागाच देत नाही. मग खड्ड्याचा धक्का शॉकॲब्जॉर्बर घेत नाही, तो शाफ्टच्या बेअरिंगवर जातो.

आपल्याकडे गाडीवर किती वजन असतं, ते मी वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे गॅसची टाकी, खताची गोणी, शाळेला निघालेली दोन लेकरं आणि त्यांची दप्तरं. चेन तपासताना गाडी रिकामी असते आणि रस्त्यावर ती कधीच रिकामी नसते, हे विसरू नका.

आता मोजायचं कसं. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद आणि चावी खिशात. चावी खिशात का, ते पुढे सांगतो. पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांना कव्हरच्या खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते काढा. खालच्या चेनच्या बरोबर मध्यावर, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध, पोराच्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरा. चेन बोटाने खाली दाबा, आकडा बघा. मग वर उचला, आकडा बघा. दोन्हींतला फरक म्हणजे मोकळीक. आपल्या रोजच्या 100 ते 160 सीसीच्या बहुतेक गाड्यांना ती 20 ते 30 मिलिमीटर लागते, म्हणजे साधारण अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा आणि गाडी कोणत्या स्टँडवर ठेवून मोजायचं, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. काही गाड्यांना चिमट्यावर किंवा चेन कव्हरवर स्टिकरही असतो. ती पुस्तिका कपाटातल्या पॉलिसीच्या फायलीत पडून असेल, बाहेर काढा. लांब झेप घेणारे शॉकॲब्जॉर्बर असलेल्या उंच गाड्यांना मोकळीक बरीच जास्त लागते, तिथे माझा आकडा चालणार नाही.

एकाच जागी मोजून थांबू नका. चाक हाताने पाव फेरा फिरवा, पुन्हा मोजा. असं चार-पाच ठिकाणी करा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी 30 भरेल, दुसऱ्या जागी 18. जिथे ती सर्वांत घट्ट आहे तिथलाच आकडा धरायचा. ढिल्या जागेवर बघून ओढली, तर घट्ट जागा अर्ध्या फेऱ्यानंतर बेअरिंगला धरतेच. आणि दोन जागांमधला फरक फारच मोठा असेल, तर ती चेन बदलायला झाली आहे असं समजा.

शेवटची परीक्षा मी माझ्या मुलाला घेऊन करतो. गाडी स्टँडवरून खाली घेतो, तो पुढे बसतो, त्याचा मित्र मागे. मी खाली वाकून खालच्या चेनला बोट लावतो. एकदा शेजाऱ्याची गाडी अशीच तपासली. रिकामी असताना पट्टीवर जेमतेम 12 भरले होते, आणि दोघं बसल्यावर चेन सतारीच्या तारेसारखी ताठ झाली. मुलगा वरूनच म्हणाला, "बाबा, कटकट वाजलं काहीतरी." गाडी नुकतीच एका ठिकाणाहून टाईट करून आणलेली होती. वजन बसल्यावरही बोटाला थोडा खेळ लागला पाहिजे. नाही लागला तर चेन सैल करायची.

सैल किंवा घट्ट करण्याचं काम वीस मिनिटांचं आहे. एक्सलचा नट गाडीप्रमाणे साधारण 17 ते 24 नंबरच्या पान्याचा असतो, ॲडजस्टरचे नट 10 ते 14 नंबरचे. रिंग पाना वापरा, फिक्स पाना घसरला की नटाची कड जाते आणि बोटं सोलवटतात. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांना चेनच्या बाजूला एक्सलच्या नटाशेजारी आणखी एक मोठा नट असतो, त्याला स्लीव्ह नट म्हणतात. तो ढिला न करता नुसता एक्सल सोडून ॲडजस्टर ओढत बसलात, तर ॲडजस्टरचे आटे जातात. एक्सलच्या नटात स्प्लिट पिन असेल तर ती सरळ करून काढा, आणि परत बसवताना नवीच घाला. पिनेला खर्च नगण्य, आणि जुनी पिन दुसऱ्यांदा वाकवताना तुटते.

नट ढिले झाले की दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवा. एका बाजूला पाव आटा, दुसऱ्या बाजूला पाव आटा, मग मोजा. घाई करून एकदम दोन आटे फिरवू नका. चिमट्यावर दोन्हीकडे खुणा कोरलेल्या असतात, एक्सल दोन्हीकडे त्याच खुणेवर हवा. खुणांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गाडीच्या मागे उकिडवे बसून एका डोळ्याने वरची चेन बघा. मागच्या स्प्रॉकेटवरून ती सरळ पुढे जाते की कोपऱ्यात वाकते? वाकत असेल तर चाक तिरकं बसलं आहे. तिरक्या चाकाची चेन दात्यांची एकच बाजू खाते, आणि गाडीही एका अंगाला ओढते.

चेन सैल करायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲडजस्टर सोडले म्हणजे चाक आपोआप पुढे येत नाही. टायरवर मागून तळपायाने ठोसा द्या, एक्सल पुढे सरकून ॲडजस्टरला टेकला पाहिजे. मग नट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना मोकळीक दोन-चार मिलिमीटरने बदलते. पुष्कळ लोक इथेच फसतात.

मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे ओढल्याबरोबर ब्रेकचा रॉडही ताणला जातो. म्हणून चेन झाली की ब्रेकचा पेडल दाबून बघा. सुरुवातीचा मोकळा खेळ पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा, बहुतेक गाड्यांना तोही 20 ते 30 मिलिमीटर असतो. चाक हाताने फिरवा, ब्रेक लायनर घासत नाही ना ते बघा. पेडल दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का आणि सोडल्यावर विझतो का, हे कुणालातरी मागे उभं करून पाहा. डिस्क असेल तर पेडल दोन-तीनदा दाबून कडक झाला का, ते पाहिल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

आता चावीबद्दल. माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर नाही. तो गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरून पुसत होता. चाक स्वतःच फिरतं, हात फिरवायचे कष्ट वाचतात. फडक्याचा एक दोरा दात्यात अडकला. पुढचं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. चेन पुसताना, ऑइल घालताना, मोजताना, कधीही इंजिन चालू ठेवू नका. चाक हाताने फिरवा, तेही मागच्या बाजूने टायर धरून, स्प्रॉकेटपासून लांब. हात चेनला लावायचा तेव्हा चाक थांबलेलं हवं. घरात लहान मुलं असतील, तर त्यांना त्या वेळी गाडीजवळ येऊ देऊ नका, फिरत्या चाकाकडे त्यांचा हात हमखास जातो. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

साफसफाईकडे वळू. चेन बाहेरून चमकली म्हणजे झालं असं नाही. 1880 साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनोल्ड यांनी बुश असलेल्या रोलर चेनचं पेटंट घेतलं, आपल्या गाडीची चेन आजही त्याच रचनेची आहे. प्रत्येक सांध्यात आत एक पिन, तिच्यावर बुश, बुशवर फिरणारा रोलर. चेन झिजते ती या पिन आणि बुशच्या मध्ये, जिथे आपल्याला दिसत नाही. "चेन लांबली" असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. शंभराहून जास्त सांध्यांमध्ये प्रत्येकी केसाएवढी झीज होते आणि तिची बेरीज अंगठ्याएवढी होते. म्हणून तेल त्या फटीत शिरलं पाहिजे. वरून चोपडलेलं घट्ट ग्रीस आत जात नाही. ते बाहेर बसून धूळ धरतं आणि धूळ मिसळलेलं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच. गॅरेजात इंजिनातून काढलेलं काळं ऑइल फुकट मारून मिळतं, तेही नको. त्यात इंजिनाच्या झिजेचा कचरा असतो, आणि ते पातळ असल्याने पहिल्याच दहा किलोमीटरमध्ये अर्धं उडून टायरवर आणि बाईमाणसांच्या साडीवर जातं.

करायचं असं. खाली जुना ट्रे किंवा पत्र्याचं झाकण ठेवा, टायरवर वर्तमानपत्र लावा. रॉकेल आता सहज मिळत नाही, थोडं डिझेल चालतं. जुना दात घासायचा ब्रश त्यात बुडवून चेनच्या चारही बाजू घासा, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. पेट्रोल वापरू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय ज्या चेनच्या कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असतात, म्हणजे ओ-रिंग चेन, तिची रबरं पेट्रोलने खराब होतात आणि आत कारखान्यात भरलेलं ग्रीस निघून जातं. तारेचा ब्रशही याच कारणासाठी नको. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा थेट चेनवर मारू देऊ नका, पाणी जोराने आत शिरतं. धुतल्यावर ते डिझेलचा फवारा मारून देतात, तेवढ्याने चेन तेल घातल्यासारखी दिसते, पण डिझेल वंगण नाही.

चेन कोरडी झाली की 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे. गाडी थोडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असते, तेव्हा तेल आत लवकर जातं. खालच्या चेनवर, आतल्या बाजूने, चाक हळूहळू फिरवत प्रत्येक कडीच्या दोन्ही कडांच्या फटीत एकेक थेंब सोडा. आतल्या बाजूने अशासाठी, की चेन फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, ते जाता जाता सांध्यातून जाईल. अर्धा तास थांबा, शक्य असेल तर रात्रभर. मग वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. टायरला लागलं असेल तर साबणाने धुवा, वळणावर तेलकट टायर माणूस पाडतो. ट्रेमधलं काळं डिझेल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

किती दिवसांनी? दर 500 किलोमीटरला तेल, हा साधा हिशेब धरा. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या भिजण्यानंतर. उसाच्या हंगामात रस्त्यावर जो काळा चिखल असतो, कोकणात जी तांबडी धूळ आणि समुद्राची खारी हवा असते, तिथे 300 वरच हात लावा. चेनवर नारिंगी गंज दिसला म्हणजे आधीच उशीर झाला आहे.

चेन संपली हे ओळखायला दोन खुणा पुरेत. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी पकडून बाहेर ओढा. दाता अर्धा उघडा पडत असेल तर चेन गेली. दुसरी खूण पट्टीची. आपल्या छोट्या गाड्यांवर बहुधा 428 नंबरची चेन असते, कडीवर आकडा कोरलेला दिसतो. तिच्या एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंत 12.7 मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. चेन ताणून धरून 21 पिना मोजा, पहिल्यापासून शेवटच्या पिनेपर्यंत नव्या चेनला 254 मिलिमीटर भरतात. 259 भरले की बदला. बदलताना पूर्ण सेट बदला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली, तर ते दाते तिला वेळेआधीच संपवतात. ॲडजस्टरला जागा उरली नाही म्हणून कडी काढून चेन आखूड करून देणारे भेटतात. अशी चेन चालवू नका. ती तुटून पुढे गोळा झाली, तर इंजिनाचं केसिंग फोडते किंवा मागचं चाक जागच्या जागी जाम करते.

आणि प्रत्येक झटका चेनचा नसतो. ब्रेक दाबून चाक पक्कं धरा आणि मागचं स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवा. सैल खडखडलं तर हबमधली कपलिंग रबरं बसली आहेत. ती स्वस्तात बदलून मिळतात. रबरं गेलेल्या गाडीची चेन ताणली, की झटका तसाच राहतो आणि बेअरिंगही जातं.

चेन जोडणारं लॉक बघायला विसरू नका. त्या क्लिपचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. बंद तोंड चेनच्या चालीच्या दिशेला हवं. चेनच्या वरच्या भागात लॉक असेल, तर बंद तोंड इंजिनाकडे. उलटं लावलेलं लॉक कशाला घासलं, तर निसटतं.

तरुण पोरांना एक कळकळीची विनंती. गाडी हलकी दिसावी म्हणून चेनचं कव्हर आणि साडी गार्ड काढून टाकू नका. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 123 मध्ये, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण सांगितलं आहे. मागे तुमची आई बसते, बहीण ओढणी घेऊन बसते.

गॅरेजवाल्या दादांनाही सांगायचं आहे. गिऱ्हाईक "टाईट करा" म्हणालं, तरी आधी पट्टी लावून त्याला आकडा दाखवा. गरज नसेल तर "राहू द्या, बरोबर आहे" म्हणा, तपासल्याचे पैसे घ्या. असं सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं.

काम झालं की एखादा किलोमीटर सावकाश चालवून या, परत येऊन एक्सलच्या नटावर पुन्हा पाना लावून बघा. मग हात धुवा आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, तीन आकडे लिहून ठेवा: किलोमीटर, मोकळीक, 21 पिनांचं माप. माझ्या घरी या महिन्याच्या पानावर लिहिलं आहे: 41,260, 25, 256.